पवळीचं दावं

केरबा आमच्या कतारमधल्या कोल्ड स्टोअरचा ड्रायव्हर, सांगलीकडचा धनगर. मी रत्नागिरीचा कारकून, कागदांवर सह्या घ्यायला त्याच्यासोबत गाडीत बसणारा. उंटाचं मांस भरा, बोकडाचं भरा, गडी शीळ घालत गाडी हाकायचा. घोड्याच्या मांसाचे खोके आले आणि शीळ बंद झाली.

माल कझाकस्तानचा, द पर्ल नावाच्या श्रीमंत वस्तीतल्या एका हॉटेलसाठी. खोक्यावर चित्र होतं: एक मेंढपाळ, हातात दोर, दोराला तांबडी घोडी. खाली काय लिहिलंय, असं केरबाने विचारलं. मी वाचून दाखवलं, की हे घोडे पिढीजात पाळणाऱ्यांकडे वाढलेत, तिथल्याच माळाच्या गवतावर.

"पाळणाऱ्यानंच इकली व्हय?" तो म्हणाला.

बोकडाच्या वेळी बरा नाही तुला हा प्रश्न पडला, अशी मी थट्टा केली. माझी जीभ आधी चालते, मग लाजते. केरबा हसला नाही. वाटेत म्हणाला, मागं टापा वाजतायत. मी दार उघडून दाखवलं. गोठलेले खोके जागच्या जागी होते. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या फेरीला त्या मलाही ऐकू आल्या.

तेव्हा त्याने सांगितलं. त्यांची पवळी नावाची घोडी होती. मेंढरांमागे फिरताना सगळा संसार तिच्या पाठीवर, वर बांधलेली त्याची तान्ही लेक बबीता. कतारला येण्याआधी त्याने तिला बाजारात विकलं. त्यांच्यात जनावर विकलं तरी आपलं दावं देत नाहीत, घेणारा स्वतःचं आणतो. हा घेणारा मोकळ्या हाताने आला होता. केरबाने घाईत आपलं दावं सोडून घेतलं आणि पवळी तशीच टेंपोत चढली. ज्याला जनावर बांधायचंच नाही तो दावं कशाला आणेल, हे त्याला आत्ता, खोक्यावरचा दोर बघून कळलं.

घरी त्याने पवळीला चांगलं घर मिळालं असं सांगितलं होतं. बायको बायडाबाई दर शुक्रवारी फोनवर विचारायची, घेणाऱ्याचा फोन आला का, पवळी बरी आहे ना. तो हो म्हणायचा.

त्या शुक्रवारी माझ्यासमोर त्याने तिला खरं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"त्यो मोकळ्या हातानं आल्याला मी बी बघितला हुता," बायडाबाई म्हणाली. "तुमी कवा बोलताय त्येची वाट बघत हुते."

त्यानंतर तिने विचारणं सोडलं. केरबा म्हणतो, ती विचारत होती तोवर घोडी जिवंत होती.