कोऱ्या कापडाची गोधडी

भिकुबाईपुढे कुणी जावेचं नाव काढलं की तिचं तोंड कडू व्हायचं. मग ती चूळ भरायची. थट्टा नाही करत, खरंच तांब्या घेऊन ओट्याच्या कडेला जायची आणि खळखळून चूळ भरायची, पलीकडे ऐकू जाईल अशी. पलीकडे म्हणजे भिंतीच्या पलीकडे. चोपड्याकडच्या गावात सासऱ्याच्या घराचे दोन भाग केलेले. एकात मोठी जाऊ भिकुबाई, दुसऱ्यात धाकटी मंजुळाबाई. भिंत एक, चुली दोन. धाकटीचं नाव मंजुळा आणि जीभ विळा. पण भिकुबाई काय कमी होती? फैजपूरकडची लेक, केळीचे घड वाहून वाहून खांदे गड्यासारखे झालेले. ती बोलायला लागली की समोरचा माणूस टोपी सावरत निघून जायचा.

भांडण साडीवरून लागलं होतं. मंजुळाच्या मुलाच्या, नवलच्या लग्नात मंजुळानं भर मांडवात मोठ्या जावेला मानाची साडी दिली. भिकुबाईनं घडी उलगडली तर काय, तिनंच कधीतरी मंजुळाला नेसवलेली साडी! फॉलसुद्धा भिकुबाईनं लावलेला. "माझंच मला देते का गं?" म्हणाली, साडी मांडवाच्या खांबाला बांधली आणि न जेवता घरी आली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. शिव्या चालू होत्या, पण त्या भिंतीला.

मग यंदा थंडीत मंजुळाला निमोनिया झाला. जळगावला दवाखान्यात ठेवली. डॉक्टर म्हणाले बरी झाली, घरी न्या. घरी आणली, पण बाई काही उठेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. घास नको, बोलणं नको, नुसती कुडकुडायची. नवल पिंप्राळ्याला राहतो, त्यानं मोबाइलवरून मोठी फुगीर रजई मागवली. ती अंगावर थांबेचना, सरकून खाली जायची. मंजुळा नुसती पुटपुटायची, "हवा पांघरल्यासारखी वाटते. अंगावर वजन पाहिजे."

शेवटी सेवेला येऊन राहिलेली नवलची बायको नूतन भिकुबाईच्या ओट्यावर आली.

"मोठी आई, एक गोधडी शिवून द्या ना. आईंची थंडी जात नाही."

"तुन्ही सासूले सांग, धुळ्यानं माहेर मोठं शे ना, तठून मंगाडी ले!"

नूतन बिचारी रडत गेली. भिकुबाईचा नवरा झुलाल नाना आतून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "नको शिवू. पण उद्या ती गेली, तर दहाव्याला भाऊबंद काय बोलतील ते ऐकायची तयारी ठेव. भिंतीला भिंत असून जावेला पांघरूण दिलं नाही म्हणतील."

हे मात्र भिकुबाईला झोंबलं. मंजुळा मेल्याचं दुःख तिनं सोसलं असतं. मंजुळा मेली आणि नाव भिकुबाईचं खराब झालं, हे कसं सोसणार?

"शिवते," ती म्हणाली. "माझा उपकारच टाकते तिच्या अंगावर. तिला वजन पाहिजे ना? घे म्हणावं!"

पेटी उघडली, जुनी पातळं काढली. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. गोधडीला असंच कापड लागतं. पण एकेक पातळ हातात घेतलं की तिला मंजुळाची जीभ ऐकू यायची, "चिंध्या दिल्या व मोठीनं, चिंध्या!" मग भिकुबाईनं जुनं सगळं आत थराला घातलं, आणि वरून घालायला नानाला चोपड्याला पाठवून फुलाफुलांचं नवं कापड आणवलं. कोरं करकरीत, खळसुद्धा न गेलेलं. ओट्यावर बसून शिवायला घेतलं, म्हणजे येणारा-जाणारा बघेल. शेजारची कुंदाबाई थांबली. कापडाला हात लावून म्हणाली, "अक्का, हे कोरंच..."

"तुले काय करणं शे?" भिकुबाईनं सुई रोखली. कुंदाबाई निघून गेली. नंतर कोण तोंड उघडणार?

गोधडी झाली तशी भिकुबाई ती खांद्यावर टाकून निघाली. मंजुळाच्या घरात कुंदाबाई धरून चार बाया भेटायला आलेल्या. बरंच झालं, साक्षीदार मिळाले. भिकुबाईनं थेट खाट गाठली. गोधडी झटकली आणि मंजुळाच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत टाकली.

खोलीतल्या बायांनी पदर तोंडाला लावला. कारण आपल्याकडे पडलेल्या माणसाच्या अंगावर कोरं कापड एकदाच टाकतात, आणि मग त्याला उचलूनच नेतात.

गोधडीखालून हात बाहेर आला. कापड चाचपलं, खळ करकरली.

"हाई काय टाकं व मन्हा आंगवर?" मंजुळा ओरडली. किती दिवसांनी तिचा आवाज निघाला! "कोरं! जित्ती शे ना व मी! तुले इतली घाई शे का?"

भिकुबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. पण चुकलं म्हणायची जीभच तिला देवानं दिली नव्हती.

"जुनं दिलं असतं तर चिंध्या म्हणाली असती, रांडे!"

"म्हणाली असती! पण मढं म्हणून पांघरलं नसतं! न्या हे, माझ्या डोळ्यापुढून न्या! बठ्ठा गावले सांगसू, मोठीनं मन्हं मढं झाकं!"

ती सांगणार, आणि गाव ऐकणार. भिकुबाईला दिसलं, आता जन्मभर हेच नाव. तिनं गोधडी ओढून घेतली, स्वतःच्या डोक्यावरून घेतली आणि मंजुळाच्या खाटेशेजारी, शेणानं सारवलेल्या भुईवर सरळ आडवी झाली. हात छातीवर, डोळे मिटलेले.

"घे! पयले मी पांघरी! तुन्हं मरण मी मन्हा आंगवर लिधं! आता तर कोरं नाही ना राहिलं? ले आते!"

कुंदाबाईनं देवाचं नाव घेतलं. नूतन म्हणाली, "मोठी आई, उठा हो, असं करू नका!" भिकुबाई उठेना.

मंजुळानं खाटेवरून वाकून बघितलं. बघितलं आणि चवताळली.

"ऊठ तठून! मन्हा घरमा मरू नको! लोक म्हणतील, मी मारली!"

"म्हणू दे!"

"ऊठ म्हणते ना!" म्हणत मंजुळानं पाय खाली टाकले. इतके दिवस कुणाला उठवता आली नव्हती ती बाई धापा टाकत खाली बसली आणि भिकुबाईच्या अंगावरची गोधडी दोन्ही हातांनी ओढायला लागली. ही धरून ठेवते, ती ओढते. शेवटी मंजुळानं ओढली, खोकली, तिथंच भिंतीला टेकली आणि पांघरून बसली. टाक्यांवर बोट फिरवलं.

"हाऊ तुन्हा टाका शे का वखरनी रेघ?"

"मग दे इकडे!"

"नाही देत. मला हिव वाजतंय."

भिकुबाई उठली, पदर झटकला, बाहेर आली. कुणी बस म्हटलं नाही, तिनं वाट बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढे असताना पलीकडून हाक आली. नवलच्या लग्नापासून पहिली.

"मोठी! कडेचा टाका उसवला! तुझा टाका तूच शिवून जा!"

भिकुबाई सुईदोरा घेऊन गेली. मंजुळा गोधडीत बसून खिचडी खात होती. गोधडी काढून देईना, म्हणून भिकुबाईनं ती तिच्या अंगावरच शिवायला घेतली.

"टोचशील!"

"टोचली तर समज, जित्ती शेस," भिकुबाई म्हणाली, आणि दातानं दोरा तोडला.