लाल जाकीट

सई, नील, परवा फोनवर सई म्हणाली, "आजी, आमच्या वेअरहाऊसमध्ये कंपनीने युनियनवर मीटिंग ठेवलीय. पिझ्झापण आहे. नुसती मीटिंग आहे गं." तुम्ही अमेरिकेत, मी इथे इंग्लंडमध्ये. म्हणून लिहिते.

तुम्ही लहान होतात तेव्हा मी वॉटफर्डजवळ सँडविचच्या कारखान्यात लाइनवर उभी राहायचे. नागपूरची इंग्रजीतली एम.ए., डोक्याला निळी जाळी. टॉयलेटला जायचं तर खुंटीवरचं लाल जाकीट चढवून जायचं. अख्ख्या लाइनला एकच. एक परतेपर्यंत दुसरीने थांबायचं. कोण गेली, किती वेळ बसली, सगळ्यांना दिसावं म्हणून लाल.

एका सकाळी कांताबेन थांबून राहिली. माझ्याहून मोठी, डायबेटिस असलेली. जाकीट दुसरीच्या अंगावर. लाइन चालू. शेवटी तिच्या पांढऱ्या गमबुटांपाशी ओघळ आला.

सुपरवायझर माझ्याकडे वळला. "तुला इंग्लिश येतं ना? तिला सांग, पुसून घे."

मी सांगितलं नाही. मॉप आणून स्वतः पुसलं. कांताबेन मान खाली घालून पुटपुटत होती, "रहेवा दो बेन, हूं करूं छूं." बायका ब्रेड लावत राहिल्या. लाइन थांबली नाही.

त्याच आठवड्यात आम्ही युनियन मागितली. कंपनी तेव्हा नुकतीच अमेरिकन मालकाकडे गेली होती. मतदान ठरलं, तसा तिकडून एक गोड बोलणारा माणूस आला. कँटीनमध्ये सगळ्यांना बसवलं. समोसे ठेवले. हिंदीत सांगायला मला उभं केलं.

"आपण एक फॅमिली आहोत. फॅमिलीत बाहेरचा कशाला?"

मी सांगितलं.

मग तो मॅनेजरकडे झुकला आणि हसून हळूच म्हणाला, "काळजी नको. या बायका मत देत नाहीत. यांचे नवरे देतात." मी हातभर अंतरावर होते. पण त्याच्या लेखी मी माइक होते. माइकला कुठे कान असतात?

मी तेही सांगितलं. शब्द न् शब्द. मोठ्याने.

मग मागून आमच्या लाइनवरची पंजाबी मनजीत म्हणाली, "मेरा तां मर गया जी. हुण मेरी वोट कौण पाऊ?" माझा तर मेला, आता माझं मत कोण टाकणार?

बायका हसल्या. कांताबेनसुद्धा.

"काय म्हणाली ती?" त्याने विचारलं.

"माझं भाषांतर संपलं," मी इंग्रजीत म्हणाले आणि बायकांमध्ये जाऊन बसले.

मतदानात आम्ही हरलो. युनियन आली तर कारखाना बंद करू, असं कंपनीने घरोघरी पोचवलं होतं. मला कांदे चिरायला टाकलं. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी कांताबेन लाइन सोडून टॉयलेटला निघाली आणि खुंटीवरून पुढे गेली. सुपरवायझर ओरडला, "जाकीट!" तिने वळून पाहिलं नाही. तिच्यामागून मनजीत गेली. मग मी. ते जाकीट पुन्हा कुणी अंगाला लावलं नाही.

सई, मीटिंगला जा. पिझ्झा खायचा तर खा. पण तो माणूस आवाज खाली करून जे बोलेल ते ऐक, आणि सगळ्यांना मोठ्याने सांग. फॅमिली म्हणणाऱ्याला विचार, फॅमिलीत टॉयलेटला कोण परवानगी मागतं?

कारखान्याच्या जागी आता फ्लॅट आहेत. कांताबेन गेली. मतदान हरलो तरी मी वर्गणी भरत राहिले; अजून युनियनची मेंबर आहे.