देवीचा डावा खांदा

आमच्या मामांना सगळे मागून ‘अर्धा इंच’ म्हणतात. बायकांचे ब्लाउज शिवण्यात त्यांची हयात गेली आणि एवढ्या हयातीत जगातली एकही गोष्ट त्यांना बरोबर मापाची सापडली नाही. कुणाच्या लग्नाला गेले तर आशीर्वाद द्यायच्या आधी नवरीची बाही बघणार आणि शेजारच्याच्या कानात म्हणणार, “अर्धा इंच घट्ट केलीय.”

अशा माणसाने मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर महिन्याभरात दुकानाला कुलूप घातलं. निमित्त काय, तर शाळेतल्या बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकला आणि शिवलेला परत घेऊन आल्या. डावा खांदा घसरत होता. मामांनी उसवून पुन्हा शिवला, तरी घसरला. मग त्यांनी मशीन झाकलं, घरी आले आणि म्हणाले, “संपलं. माझी नजर गेली.” डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर अगदी ठणठणीत आहे. मामा म्हणाले, “डॉक्टरला शिवणातलं काय कळतं?”

दुकान बंद झालं ते मामींच्या डोक्यावर आलं. पडदा एका बाजूला वर, चादर एका बाजूला खाली, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं. मामा दिवसभर घरातून टेप घेऊन फिरायचे. मामींनी दोन महिने सोसलं आणि मग मला फोन केला.

“गाडी काढ. टेकडीवरच्या देवीला जायचंय. एक तर ह्यांना दुकानात पाठव म्हणून सांगते, नाहीतर मला तरी वर घेऊन जा म्हणते.”

देऊळ सातशे वर्षांचं आहे. काळ्या दगडाचं, आत थंडगार, आणि पायऱ्या माणसांच्या पायांनी मधोमध झिजलेल्या. “एकही पायरी सरळ नाही,” मामा म्हणाले. “चढा मुकाट्याने,” मामी म्हणाल्या.

रांगेतून देवीसमोर पोचलं की डोळ्याची पापणी दोनदा लवेपर्यंत उभं राहायला मिळतं. मामींनी डोळे गच्च मिटून घेतले. कुणासाठी काय मागत होत्या ते मला माहीत होतं, म्हणून मीही त्यातच माझं वजन टाकलं. मामांनी मात्र हात जोडायचे सोडून मान वाकडी केली आणि म्हणाले, “डावा खांदा उतरलाय.”

पुजाऱ्यांनी वळून पाहिलं. “काय म्हणालात?”

“देवीची चोळी. अर्धा इंच घसरलीय.”

मागून लोक ओरडू लागले, “अहो, पुढे सरका!” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पुजारी चिडले नाहीत. “तीस वर्षं पूजा करतोय,” ते म्हणाले. “रोज दहादा वर करतो, रोज घसरते. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. टेलर आहात का?”

“होतो,” मामा म्हणाले.

“आहेत!” मामी ओरडल्या. डोळे अजून मिटलेलेच होते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर माप घ्यायचं ठरलं. गाभाऱ्यात पुजाऱ्यांशिवाय कुणाला जाता येत नाही, म्हणून मामा उंबऱ्याबाहेर बसले आणि खिशातला टेप आत दिला. देवळात येतानाही टेप खिशात होताच.

“टेप सैल धरू नका. खांद्याचं हाड लागलं का? आता ताईंना म्हणावं, श्वास सोडा.”

“दगडाची मूर्ती आहे हो!”

“सवय आहे,” मामा ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. चोळी चार दिवसांत झाली. आम्ही पुन्हा टेकडी चढलो, पुजाऱ्यांनी ती देवीला घातली, मागचे बंद बांधले. आम्ही श्वास रोखून बघत होतो. आणि डावा खांदा सावकाश, आमच्या डोळ्यांदेखत घसरला.

मामा झिजलेल्या पायरीवर मटकन बसले. “बघितलंस? गेलीच आहे नजर,” ते मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

पुजारी समजूत घालत म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. ती तरी काय करणार, कडेवर पोर आहे तिच्या.”

“पोर?”

“डाव्या कडेवर. साडीत झाकलेलं असतं. सकाळी अंघोळ घालताना आम्हालाच काय ते दिसतं.”

मामा उठले. “डावा खांदा मोजा.”

“त्या दिवशी मोजला की.”

“तो उजवा होता. आम्ही टेलर एकच बाजू मोजतो. कापडाची घडी घालतो आणि दोन्ही बाजू एकदम कापतो. मोजा म्हणतो ना!”

पुजाऱ्यांनी मोजला. डावा खांदा अर्धा इंच खाली होता.

मामांनी मान वाकडी करून मूर्तीकडे पाहिलं. “सातशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला माहीत होतं,” ते म्हणाले, “पोर कडेवर घेतलं की बाईचा खांदा उतरतो. आणि मी चाळीस वर्षं घडी घालत बसलो.” मग त्यांनी हात जोडले. त्या देवळात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी चोळीचा डावा खांदा दुरुस्त झाला आणि शाळेतल्या बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या तेव्हा डाव्या खांद्यावर वह्यांनी ठासून भरलेली पिशवी होती. मामांनी दोन्ही खांदे मोजले आणि वहीत दोन वेगळे आकडे लिहिले.

बाई गेल्यावर त्यांनी मामींना आरशासमोर उभं केलं. उजवा खांदा मोजला, मग डाव्याकडे वळले. पदर बाजूला करताच त्यांचा हात थांबला. तिथे एक सेफ्टी पिन होती.

“हे काय?”

“पिन.”

“कधीपासून लावतेस?”

“थोरला कडेवर आला तेव्हापासून.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

मामींनी पदर सारखा केला. “बोलले असते, तर तुम्ही दुकान तेव्हाच बंद केलं असतं.”