ताटलीतली शेवटची वडी

ओडेलिया गिड्री माझ्या दारात आली ती जानेवारीत. गाडीतून सगळ्यात आधी उतरलं एक काळं लोखंडी पातेलं, मागोमाग मोठमोठ्या फुलांचे पिवळे पडदे, आणि त्यानंतर ती स्वतः. वर जाऊन तिने आधी पडदे लावले, मग कोट काढला. मी ओळखलं, ही आपल्या जातीची! फिरत्या नाटक कंपनीत माझी उभी हयात गेली. नव्या मुक्कामी पोचल्यावर जो आधी पडदे लावतो, तो मुरलेला नट.

ओडेलिया फिरती नर्स होती. ज्या गावच्या इस्पितळात नर्स कमी, तिथे तीन महिन्यांचं कंत्राट. ते संपलं की बोचकं गाडीत आणि पुढचं गाव. आमच्या टॅमरॅक फॉल्समध्ये अशा नर्सेसना राहायला माझ्या गॅरेजवरची खोली. भाड्यापेक्षा मला गप्पांचा फायदा जास्त.

लुइझियानातल्या दलदलीकाठच्या गावी तिने आयाचं काम धरलं, तेव्हा ती शाळेतून नुकती सुटली होती. दिवसा बेडपॅन उचलायचे, संध्याकाळी नर्सिंगचे वर्ग. परीक्षा पास झाल्यावर आधी म्हाताऱ्यांचा वॉर्ड, मग ऑपरेशन थिएटर, मग कॅज्युअल्टी. तिथे तिचा जीव रमला. मग ती फिरतीवर निघाली. अलास्का, न्यू मेक्सिको, मेन. तालमीशिवाय पहिला प्रयोग असावा तशी प्रत्येक ठिकाणची पहिली पाळी. ती म्हणे, "मी एकेक खण उघडते आणि मोठ्याने बोलते. सुया डावीकडे, बँडेज खाली, आणि इन्चार्जबाईंची चॉकलेटं फायलींच्या मागे." तरी महिनाभर तिचा हात मागच्या गावच्या खणाकडेच जाई. आमच्या इस्पितळात कापूस घ्यायला म्हणून ती दोनदा पुरुषांच्या संडासात शिरली. मेनमध्ये कापूस त्या दारामागे असायचा.

यंदा मात्र ओडेलियाला थांबायचं होतं. मला म्हणाली, "मिस मॅक्सीन, हे पडदे कुठल्याच खिडकीला नीट बसत नाहीत. कुठे आखूड, कुठे जमिनीवर लोळतात. एकदा तरी खिडकीचं माप घेऊन पडदे शिवावेत असं वाटतं." आमच्या कॅज्युअल्टीत इन्चार्ज सिस्टरची जागा रिकामी होत होती. ती कुणाला द्यायची हे मेट्रन आर्डिस हॅल्व्होर्सनच्या हातात होतं. ती जागा ओडेलियाला हवी होती, अगदी मनापासून.

आणि पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला.

नर्सेसच्या खोलीत टेबलावर कायम एक ताटली असते. कुणी ना कुणी घरून काहीतरी करून आणतं. त्या दिवशी लिंबाच्या वड्या होत्या, आणि एकच उरली होती. आता आमच्या मिनेसोटात शेवटची वडी खात नाहीत. पहिला येतो तो अर्धी कापून घेतो, दुसरा त्या अर्धीची अर्धी. शेवटी उरतो तो तुकडा मुंगीने उचलला तरी तिला लाज वाटावी एवढा, आणि नवी वडी येऊन त्याच्यावर बसेपर्यंत तो तिथेच वाळून चिकटतो, थरावर थर. ओडेलियाने अख्खी वडी उचलली आणि तोंडात टाकली. वर आर्डिसने कॉफी विचारली, तर पहिल्या झटक्यात म्हणाली, "हो तर! दोन चमचे साखर."

घरी येऊन मला विचारते, "मिस मॅक्सीन, मी वडी खाल्ली की कुणाचा अंगठा खाल्ला? सगळे माझ्याकडे असे बघत होते!"

मग मी स्वयंपाकघरात तालीम लावली. मी आर्डिस झाले, पाठ ताठ, ओठ आवळलेले.

"ओडेलिया, कॉफी घेणार?"

"हो."

"चूक! पुन्हा. म्हण, नको."

"पण मला हवीय!"

"म्हणूनच नको म्हणायचं. पहिल्यांदा नको. दुसऱ्यांदा, 'उगाच कशाला त्रास.' तिसऱ्यांदा, 'बरं, उरलीच असेल तर अर्धा कप.'"

"आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

"तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय इथल्या माणसाला झोप येत नाही."

पोरगी हुशार! महिन्याभरात असं नको म्हणायला लागली की गावच्या म्हाताऱ्या खूश. चर्चच्या जेवणात बटाट्याच्या हॉटडिशला, म्हणजे आमच्या भट्टीत भाजलेल्या खिचडीला, तिने दिलेला नकार ऐकून माझ्या शेजारणीने डोळे पुसले.

मार्चमध्ये त्याच शेजारणीला माझ्या एका जुन्या भूमिकेतलं मरण करून दाखवताना मी पायरीवरून खरीच पडले. घोटा सुजला. कॅज्युअल्टीत मला खाटेवर निजवून भोवती पडदा ओढला. पडद्यामागे मी, बाहेर रंगमंच! ओडेलिया माझ्या पायाला पट्टी बांधत होती. तेवढ्यात आर्डिस आली, खाकरली, आणि पडदा बाजूला सारून म्हणाली, "इन्चार्जच्या जागेचं बघतेय. तुझं नाव डोक्यात आलं. घेशील?"

मी कान टवकारले. ओडेलिया लाजून म्हणाली, "छे, मी कुठली! इथे माझ्यापेक्षा चांगल्या कितीतरी आहेत."

"तसं नाही. मला वाटतं, तुला जमेल."

"उगाच कशाला तुम्हाला त्रास, मिस आर्डिस."

दोन झाले! ओडेलियाने माझा पाय इतका घट्ट दाबला की मी किंचाळणारच होते. आर्डिसने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. आणि नेमके पाद्री लुंडक्विस्ट, रुग्णांना भेटायला आलेले, दारात उभे राहून प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "वा! आज किती शांत आहे इथे!"

कॅज्युअल्टीत 'शांत' हा शब्द उच्चारत नाहीत; उच्चारला की रुग्णांची रीघ लागते म्हणतात. आमच्या रंगपटात शीळ घालत नाहीत, तसंच. एका नर्सच्या हातून ट्रे पडला. आर्डिस पांढरीफटक. "पाद्रीबाबा, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाली, तोच बाहेर ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला.

गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची स्पर्धा चालली होती. प्रेक्षकांचं बाकडं मोडलं, आणि सगळे गळांच्या पेटीवर पडले. कुणाच्या कानात गळ, कुणाच्या अंगठ्यात. दोन सख्खे भाऊ तर एकाच दोरीने एकमेकांना अडकलेले, आणि वर भांडतायत की मासा कुणी पकडला. आर्डिस पळाली, ओडेलिया पळाली. पाद्रीबाबा माझ्या खाटेच्या कडेला बसून देवाची माफी मागत राहिले.

तिसरा प्रश्न राहूनच गेला.

पुढचे दिवस ओडेलिया वाट बघत होती. आर्डिस समोरून जायची, हवेबद्दल बोलायची आणि निघून जायची. कंत्राट संपत आलं. नर्सेस पाठवणाऱ्या एजन्सीने ॲरिझोनाचं गाव सुचवलं.

मी पट्टी बदलायला गेले तेव्हा आर्डिसला गाठलं. "अगं, तिला तिसऱ्यांदा विचार ना!"

ती म्हणाली, "मॅक्सीन, ती लुइझियानाची, दक्षिणेकडची आहे. त्या बाजूच्या माणसांचं हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. पहिल्या दिवशी बघितलंय मी, कॉफी हवी होती तर सरळ घेतली. तिला नको असेल तर मी कशी गळ्यात पडू? मनाला नाही लागलं हो माझ्या. फक्त दोन दिवस जेवण गेलं नाही."

"आता ती आपल्या रीतीने वागते. तिला हवीय ती जागा!"

"तू तिची घरमालकीण. तू चांगलंच बोलणार," असं म्हणून तिने पट्टीला पिन लावली.

शेवटच्या दिवशी सकाळी ओडेलिया पडदे उतरवत होती. मी तिला आर्डिसचं बोलणं शब्दशः, आवाजासकट करून दाखवलं. तिने पडद्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "म्हणजे ती माझ्यासारखी झाली आणि मी तिच्यासारखी?" एवढंच म्हणाली. पडदे गाडीत ठेवले.

दुपारी नर्सेसच्या खोलीत तिला निरोप होता. मी कुबड्या घेऊन हजर. तिने काळ्या पातेल्यात कोळंबीचा तिखट रस्सा केला होता. सगळे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा वाढून घेत होते आणि डोळ्यांतून पाणी काढत "वेगळं आहे" म्हणत होते. मधोमध ती ताटली. वड्या संपत आल्या. एक उरली. सुरी पुढे सरकली.

"थांबा," ओडेलिया म्हणाली.

तिने अख्खी वडी उचलली. त्याखाली चिकटलेला कधीच्या वाळक्या तुकड्यांचा थरही खरवडून घेतला. दोन्ही तोंडात टाकलं, सावकाश चावलं, गिळलं. कुणी हलेना.

"मिस आर्डिस, मला ती जागा हवीय. मला नको नव्हती, पहिल्यांदाही नको नव्हती आणि दुसऱ्यांदाही. हे मी एकदाच सांगतेय."

आर्डिसचे कान लाल झाले. तिने खिडकीबाहेर बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. वाईट नाही होणार."

आमच्या गावात याहून मोठा आनंद कुणी बोलून दाखवत नाही. पाद्रीबाबांनी टाळी वाजवली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तीन नर्सेसनी धावत जाऊन त्यांच्या तोंडात पाव कोंबला.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ताटली बघा!"

सगळे वाकले. ताटलीच्या मधोमध एक निळा कोंबडा काढलेला होता. चोच वर, शेपूट फुललेली. इतकी वर्षं तो तिथे होता, आणि शेवटच्या तुकड्यांच्या थराखाली कुणालाच दिसला नव्हता.

"हा कुठून आला?" आर्डिसने विचारलं.

ओडेलिया तोवर दारात पोचली होती. गाडीतले पडदे परत आणायचे होते. "मिस मॅक्सीन," ती ओरडली, "तुमच्याकडे माप घ्यायची टेप आहे का?"