गुडघाभर ऊन पाणी

आमच्या मावसाजींएवढा भित्रा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. रिसोडला त्यांचं धान्याचं लहानसं दुकान होतं. साप-विंचवाला कोणीही भितो, मावसाजी मांजराच्या शिंकेला भीत, पडलेल्या परातीला भीत, उधळलेल्या बैलाला तर भीतच, पण रवंथ करत बसलेल्या बैलालाही भीत, कारण "तो मनात काय करून राह्यला, आपल्याले काय माहीत?" आगगाडीत ते नेहमी मधल्या डब्यात बसत. पुढचा डबा धडकते आणि मागचा सुटते, हा त्यांचा हिशेब. आणि सगळ्यात मोठी भीती पाण्याची. विहिरीत त्यांनी जन्मात डोकावून पाहिलं नाही. मावशी पाणी शेंदायची आणि मावसाजी मागे तिचा पदर मुठीत धरून उभे राहायचे. सारं गाव हसायचं, मावशीही हसायची, पण पदर सोडवून घ्यायची नाही.

त्याच मावशीचे गुडघे धरले. आधी विहीर सुटली, मग चुलीपासून दारापर्यंत ती बसल्या बसल्या सरकू लागली. ही आता कायमची खाटेला लागणार, या धास्तीनं मावसाजींची झोप उडाली. अशात जवळच्या शिरपूरला देवदर्शनाला आलेल्या एका यात्रेकरूनं त्यांना सांगितलं की कोकणात समुद्राजवळ गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात बसून लोकांचे सांधे मोकळे होतात. दुसरा कोणी असता तर बायकोला घेऊन निघाला असता. मावसाजी म्हणाले, "तिले एकदम कसं नेऊ? भाजलं तं? आधी मी पाहून येतो." मी तेव्हा शाळेत मास्तर होतो, उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून सोबतीला माझी नेमणूक झाली.

मुंबईहून लोक बोटीनं जातात हे ऐकताच मावसाजी खाली बसले. त्यामुळे पनवेलपासून पुढे आम्ही पायीच निघालो. पाठीवर वळकटी, तिच्यात घोंगडी, भाकरीचा वाळवलेला कुटका, ओवा, हिंग, तुरटी आणि विहिरीचा चाळीस हात दोर. दोर काहून, विचारलं तर म्हणाले, "असू दे." समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. "एवढं पाणी मोकळं सोडलं बाप्पा. कोणी बांध काहून नाही घातला?" खाडी ओलांडताना त्यांनी दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं नावाड्याच्या. नावाडी चिडला. मावसाजींनी हात जोडले, "तू पोहणारा गडी. तू निघशीन तं मीही निघीन." आठ-नऊ दिवस असे गेले. किनाऱ्याची ती पांढरी वाळू, ती माडांची रांग मी एकट्यानंच पाहिली. मावसाजी जमिनीकडे बघत चालायचे.

कुंड अर्ध्या दिवसावर राहिलं तेव्हा डोंगराचं एक नाक समुद्रात शिरलेलं लागलं. वरून पायवाट होती, पण कड्याच्या काठानं. मावसाजींनी एकदा वर पाहिलं आणि खालच्या ओल्या वाळूवरून जायचं ठरवलं. तरी पारख केलीच. आमच्याकडे पैनगंगेला पूर आला की पाण्याच्या कडेला दगड ठेवतात. दगड बुडाला तर पाणी चढतंय, कोरडा राहिला तर उतरतंय. आणि आभाळ मोकळं असेल तर उतरलेला पूर फिरून चढत नाही. मावसाजींनी दगड ठेवला. दोन पानं खाऊन होईस्तो पाणी दगडापासून दहा हात मागे गेलं होतं. "उतार लागला. आभाळ मोकळं आहे. चाल." आणि मी, ज्यानं चार वर्षं पोरांकडून भरती-ओहोटी घोकून घेतली होती, तो मुकाट्यानं मागे निघालो. पुस्तकातली भरती ती हीच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घाई नाही म्हणून मध्येच खडकाच्या सावलीत आम्ही निवांत जेवलो, जरा आडवेही झालो.

जाग आली ती पाय ओले झाल्यानं. मागची वाळू गेली होती, पुढचीही गेली होती. कडा सरळसोट, वर चढायला खाच नाही. आम्ही एका खडकावर चढलो आणि पाणी आमच्यामागे चढू लागलं. प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा बोटभर वर यायची. मला आईची आठवण झाली आणि मी चक्क रडू लागलो. मावसाजींचे दात वाजत होते, पण तशातच त्यांनी दोर सोडला, माझ्या कमरेला वेढ्यांवर वेढे गुंडाळला आणि खडकाच्या जाड सुळक्याला फेऱ्यांवर फेरे घालून आवळला. उरलेला तुकडा त्यांना पुरला नाही. मी म्हणालो, "मावसाजी, तुमी?" ते माझा सदरा मुठीत धरून बसले. पाणी पोटऱ्यांना लागलं तेव्हा माझ्या कानाशी म्हणाले, "हे पाह्य, मी गेलो तं गेलो. तू माघारी फिरू नोको. त्या कुंडावर जाय. पाणी किती गरम आहे ते पाह्य. तिले सोसीन का, तेवढं पाह्य आन् तिले सांगजो." इतकी भीती मला पुढे आयुष्यात कधी वाटली नाही.

पाणी गुडघ्याशी येऊन थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं आणि मग, आलं तसं, हळूहळू गेलं. पलीकडे जाळं वाळवणाऱ्या एका कोळ्यानं आमची कथा ऐकून कपाळावर हात मारला. "दर्या दिवसातून दोनदा येतो बाबा. तुमच्या दगडाला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी कुंड गाठलं. वाफा निघत होत्या. मावसाजी काठावर बसले, अंगठा बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. घटकाभरानं आत उतरले, पण गुडघ्यापर्यंतच. डोळे मिटून ते तसेच उभे राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, आता पुरे. ते म्हणाले, "थांब, ध्यानात ठिवून राह्यलो."

मावशीला काही त्यांनी नेलं नाही. त्या पाण्याच्या वाटेनं तिला न्यायची हिंमत झाली नाही. पण घरी आल्यापासून रोज सकाळी ते हंडा तापवत, तांब्याभर पाणी आधी स्वतःच्या गुडघ्यांवर ओतत, डोळे मिटत, "अजून जरासक" म्हणत विस्तव सारत, आणि "हां, आता तसं झालं" म्हणाले की मग मावशीच्या गुडघ्यांवर धार धरत. त्यानं गुण आला की कसं, देव जाणे. पण दोन-तीन वर्षांत मावशी भिंत धरून दारापर्यंत येऊ लागली, तेव्हा मावसाजी मागून तिचा पदर धरत.

मावशी गेल्यावर महिन्याभरानं मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. हंडा तापलेला होता. मावसाजी पाटावर बसून आपल्या गुडघ्यांवर पाणी ओतत होते, डोळे मिटून. मग तांब्या भरून समोर धरला आणि हळूच विचारलं, "पाह्य बरं, जास्त गरम तं नाही?" मी समोर बसलो आणि धोतर गुडघ्यावर सारून पाय पुढे केले. पाणी बेताचंच गरम होतं.