‘टच’चा पाठ

टेबलाला हात लावून मी म्हटलं, "आय टच द टेबल." कोपऱ्यात तांब्या घेऊन उभा असलेला शिपाई पुढे आला, टेबलावर पाणी शिंपडलं आणि मागे गेला.

मला वाटलं, एकदाच असेल. मी खुर्चीला हात लावला. "आय टच द चेअर." पुन्हा पाणी. फळा. पाणी. खिडकी. पाणी. तिसऱ्या वाक्यापासून पोरं हसायला लागली. मी कशाला हात लावतो याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळा वर्ग तांब्याकडे बघत होता.

बुलढाण्याच्या एका इंग्रजी शाळेत मी मास्तरकीचा उमेदवार म्हणून उभा होतो. अमडापूरच्या आमच्या महारवाड्यातून मॅट्रिक झालेला पहिला माणूस. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले आणि इंग्रजी शिकवायची नवी रीतही तिकडूनच आली होती. मराठीत अर्थ सांगायचा नाही. शब्द बोलायचा, तो करून दाखवायचा आणि मग मुलांकडून करून घ्यायचा. जागा एक, उमेदवार तीन. प्रत्येकाने एकेका शब्दाचा पाठ घ्यायचा आणि शब्द हेडमास्तरांनी द्यायचा.

पहिल्याला त्यांनी ‘ओपन’ दिला. त्याने दार उघडलं, पुस्तक उघडलं, छत्री उघडली. दुसऱ्याला ‘गिव्ह’. मला ‘टच’. चिठ्ठी त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवली, मी उचलली. इंग्रजीत शब्दांचा काय तोटा? ‘रन’ आहे, ‘सिट’ आहे, ‘राइट’ आहे. त्या माणसाने निवडून निवडून माझ्यासाठी हाच काढला होता. आणि मी मूर्खासारखा खूश झालो, सोपा शब्द आला म्हणून.

चार-पाच वाक्यं झाल्यावर मुलांची पाळी आली. नव्या रीतीत मास्तरने मुलाचा हात धरून वस्तूवर ठेवायचा असे. मी एक पाऊल पुढे टाकलं, तर पहिला बाक अख्खा मागे सरकला. हेडमास्तर खुर्चीतूनच म्हणाले, "लांबून शिकव. घरी गेल्यावर त्यांना अंघोळी कराव्या लागतील." आधीच्या दोघांना ते ‘आपण’ म्हणत होते.

मग त्यांना आणखी एक गंमत सुचली.

"शब्द नकारात कसा वापरतात, तेही शिकव की. डू नॉट टच मी. तू म्हण, मुलं उत्तर देतील."

मी म्हटलं. होय, म्हटलं. डू नॉट टच मी. मला शिवू नका. स्वच्छ उच्चारात, तीन वेळा. आणि वर्ग एका सुरात ओरडला, "वी डू नॉट टच यू!" मी ते फळ्यावर लिहूनही दाखवलं. अक्षर माझं चांगलं होतं. माय दुसऱ्याच्या वावरात निंदण करून उन्हात करपत होती, तिच्यासाठी मी ते गिळलं, असं पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो. खोटं आहे ते. मला ती मास्तरची खुर्ची पाहिजे होती.

दुसऱ्या बाकावर एक बारकासा मुलगा होता. तो काही बोलत नव्हता. ओठ मिटून माझ्याकडे बघत होता. आणि मी, शिकलेला मॅट्रिकवाला, त्याच्याकडे बोट करून म्हणालो, "यू. से."

त्याने खाली बघितलं. मग म्हणाला, "वी डू नॉट टच यू."

हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. एवढं मी माझ्या मनानं केलं होतं. एक पोरगं गप्प राहिलं होतं, त्याच्याही तोंडून मी ते वदवून घेतलं. माझी मलाच शिसारी आली. मला हेडमास्तरांचा राग मागून आला, आधी स्वतःचाच आला.

मी खडू खाली ठेवला. सरळ चालत गेलो आणि हेडमास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला दाबून ठेवला.

"आय टच द हेडमास्टर."

आणि शिपाई आला. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं त्यानं केलं. हेडमास्तरांच्या पागोट्यावर, कोटावर त्यानं पाणी शिंपडलं.

"बेअक्कल!" हेडमास्तर किंचाळले.

"तुमीच तं सांगतलं होतं ना साहेब," तो बिचारा म्हणाला, "हा ज्याले ज्याले हात लावन, त्याच्यावर पानी टाक म्हनून."

हसायची कुणाची हिंमत झाली नाही. हेडमास्तरांना मला हातानं मारता येईना. मारायचं तर शिवावं लागलं असतं. म्हणून त्यांनी छडी घेतली. पहिली बसली ती डाव्या कानावर. पुढच्या मोजल्या नाहीत. रक्त शर्टावर आलं तेव्हा त्यांनी मला काठीनं ढोसत फाटकापर्यंत नेलं. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही.

आठ दिवसांनी तोच शिपाई अमडापूरला आला. महारवाड्याच्या बाहेर उभा राहून त्यानं मला हाक मारली आणि कोरा कागद जमिनीवर ठेवला. हेडमास्तरांचा निरोप होता: उद्धटपणा केला, चूक कबूल आहे, क्षमा असावी, असं लिहून द्यायचं. लिहिलं तर रोहिणखेडकडे आमच्या पोरांसाठी वेगळी शाळा निघणार होती, तिथे मास्तर म्हणून नेमणूक.

"लिहून टाक बे," शिपाई म्हणाला. "साहेबाचा राग उतरला हाय."

तोवर गावात बातमी पोचली होती. मायला निंदणाला बोलावणं बंद झालं होतं. वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरूनच तिला परत पाठवत. तिनं कागद उचलून माझ्यासमोर धरला.

"लिहून दे ना बाप्पा. कागदच तं हाय."

"नाही लिहत मी, माय."

"काऊन? मी आता कोनाच्या वावरात जाऊ? काय खाऊ?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. तिला वाटलं, पोरगा शिकून माणसातून उठला. मी तिच्या हातून कागद घेतला आणि तिच्यादेखत फाडला. तिच्या तोंडचा घास मी काढून घेतला, हे मला माहीत होतं. शिपाई निघून गेला.

"मंग आता करशीन काय?" माय म्हणाली.

"आपल्या वाड्यातल्या पोरायले शिकवीन. इथंच."

"अन् त्यायचेबी असेच कान फोडले तं?"

"फोडू दे," मी म्हणालो. बोललो ते क्रूर होतं, मला कळत होतं. तरी मी ते परत घेतलं नाही. "मार कसा चुकवायचा, ते मले येत नाही माय. इंग्रजी येते, तेवढी शिकवीन. पन माफी कशी लिवाची, ते एकाही पोराले शिकवनार नाही."