आमच्या साडूंचे शंभर टक्के

उद्या साक्षात ब्रह्मदेव समोर उभा राहून 'वर माग' म्हणाला, तरी आमचे साडू आधी त्यालाच विचारतील, "देवा, आतापर्यंत वर दिले किती, अन् फळले किती?" उत्तर पटलं नाही, तर त्याला चहा पाजून परत पाठवतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आदिलाबादच्या बाजारात त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. पेरणीआधी कापसाचं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं आणि शंभरातले किती दाणे उगवतात ते पाहायचं, ही त्या धंद्यातली रीत. साडूंनी मात्र सगळं जगच त्या गोणपाटात गुंडाळलं. न्हावी, शाळा, लोणच्याच्या कैऱ्या, कुणालाही सूट नाही. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना विचारलं होतं, "महाराज, तुमी लावलेली लग्नं टिकतात किती?" भटजी इतके गडबडले, की मंगलाष्टकांतलं एक कडवं गाळून पुढे गेले. अजूनही आमचं भांडण झालं की बायको त्या गाळलेल्या कडव्याची आठवण काढते.

पण साडूंची खरी तपासणी चाले ती डॉक्टरांची. परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्या पोरांना इथं दवाखाना थाटण्याआधी परवान्याची परीक्षा द्यावी लागते, आणि कुठल्या कॉलेजची किती पोरं त्यात पास झाली हे जाहीर होतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं मात्र! महिन्याभरात त्यांना देशोदेशीची कॉलेजं तोंडपाठ झाली. नकाशावर ते देश कुठं आहेत हे त्यांना सांगता आलं नसतं, पण "तिथलं बी उगवत नाही," हे ते छातीठोकपणे सांगत. आपल्या पोरांना कुठं पाठवावं हे विचारायला लोक दुकानात येऊ लागले आणि जाताना भेंडीचं बी घेऊन जाऊ लागले.

एकदा नेरडीगोंड्याजवळ त्यांना विंचू चावला. मी त्यांना कसंबसं जवळच्या दवाखान्यात नेलं. पाय सुजलेला, अंगाला दरदरून घाम, आणि हे गृहस्थ तिथल्या तरुण डॉक्टरला विचारताहेत, "कौनसा कॉलेज?"

"अंकल, पहले पाँव दिखाइए."

"पहले रिझल्ट बताओ. परीक्षा में कितने पास होते?"

बिचारा परदेशातच शिकलेला; त्यानं आकडा सांगितला. साडूंनी कण्हत कण्हत विचार केला, "चालते," म्हणाले आणि पाय वर ठेवला. डॉक्टरलाही आपण दुसऱ्यांदा पास झाल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यानं फी घेतली नाही.

मग त्यांच्याच एकुलत्या एक लेकीवर पाळी आली. तिला लहानपणापासून डॉक्टरच व्हायचं होतं. इथल्या कॉलेजांसाठी गुण कमी पडले, तेव्हा परदेशी पाठवायचं ठरलं. एवढा मोठा जाणकार बाप घरात! साडू एके दिवशी निर्मल गावी माझ्या घरी पेढे घेऊनच आले. "साडभाऊ, शंभर टक्के! बसले तेवढे पास. असं बी म्या जन्मात पाह्यलं नाही."

लेक गेली. काही दिवसांनी तिचा फोन आला, तेव्हा मी दुकानातच होतो.

"बाबा, या कॉलेजातून आजवर एकच पोरगा त्या परीक्षेला बसला होता."

साडू म्हणाले, "पण पास झाला ना?"

"झाला."

"मंग झालं तं! आता दुसरी तू."

लेक शिकून परत आली, परीक्षेला बसली आणि नापास झाली. शंभर टक्क्यांचं कॉलेज एका दुपारी पन्नासावर आलं. बाजारानं टवाळी करून घेतली. लेक म्हणाली, पुरे झालं, मी आता दुकानातच बसते. त्या संध्याकाळी साडू माझ्याकडे आले. "ती नाही, मी नापास झालो, साडभाऊ," ते म्हणाले. "एका दाण्यावर सारं वावर पेरलं. एखाद्या गिऱ्हाइकानं असं केलं असतं तं दुकानातून हाकललं असतं त्याले." जन्मभर मी या माणसाला हसत आलो होतो, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. उलट फार वाईट वाटलं.

घरी जाऊन त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं, "एकदा अजून बस, बाई. मंग दुकान हायच." ती दुकानामागच्या खोलीत अभ्यासाला बसली आणि पुढे दुकान चाललं ते कुजबुजत. बी घ्यायला आलेले कास्तकार खुणांनी भाव करू लागले. एकाला शिंक आली, तर साडूंनी त्याला दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेलं, तिथं शिंकू दिलं आणि परत आणून बियाणं दिलं.

निकालाच्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली ती हसत आणि रडत. मी आपलं सवयीनं विचारलं, "साडभाऊ, आता टक्के किती झाले?"

"चुलीत घाला ते टक्के!" साडू ओरडले. इतक्या महिन्यांत त्या दुकानात कुणी ओरडलं नव्हतं.

आता ती तिकडे बेज्जूरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात आहे. परवा साडू आणि मी तिला भेटायला गेलो आणि गर्दी होती म्हणून बाकावर बसलो. बाया, म्हातारे, कडेवर पोर घेतलेल्या आया एकेक करून आत जात आणि नाडी दाखवायला तिच्यापुढे हात करत. कॉलेज कोणतं, हे कुणीच विचारत नव्हतं. साडू उघड्या दारातून टक लावून पाहत होते. थोड्या वेळानं ते उठले आणि त्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पाळी आली तशी लेक मिश्कीलपणे म्हणाली, "काऊन बाबा, कॉलेज नाही विचारत?"

साडूंनी हात पुढे केला. तिनं नाडी धरली.

"बाबा, लय जोरात चालून राह्यली."

"चालू दे," साडू म्हणाले. मागे रांग खोळंबली होती, पण त्यांनी हात काही मागे घेतला नाही.